सोयराबाईंचा अंगठा

रविवार, १६ नोव्हेंबर १९५८

मागच्या रविवारी मी लिहिलं आहे की तुरुंगातल्या एका वाचकाला अपुऱ्या गोष्टीचा शेवट कळवला. हे खरं नाही. शेवट मला माहीत नव्हता. तो मी मनानं रचला. दैनंदिनीत खोडायचं नाही, चूक पुढच्या पानावर कबूल करायची, हा अण्णांनी घालून दिलेला नियम आहे, म्हणून हे लिहिते.

झालं ते असं. चामराजपेटेतल्या आमच्या मराठी वाचनालयातून जुनी मासिकं दर महिन्याला तुरुंगात जातात आणि आधीची परत येतात. गठ्ठा बांधून नेण्याचं काम माझं. दिवाळीआधी परत आलेल्या एका अंकाला एक चिठ्ठी दोन टाके घालून शिवलेली होती. "ग्रंथपाल यांस. जत्रेत हरवलेल्या मुलीच्या गोष्टीचा तिसरा भाग मिळाला नाही. मुलगी घरी पोचली का, एवढं कळवावं. कृष्णाजी, कैदी, शिवणखाते." तो तिसरा भाग आमच्याकडे कधी आलाच नाही, टपालात कुठे गहाळ झाला. पण कार्डावर 'माहीत नाही' हे दोन शब्द लिहून पाहिले तेव्हा ते फार निर्दय दिसले. मी दुसरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, "पोचली. आई दारातच उभी होती."

आणखी एक चूक. 'त्यांनी मला पत्र लिहिलं' असं मी लिहिलं आहे. चिठ्ठी ग्रंथपालांना होती. माणसानं माणसाला लिहिलेलं पहिलं पत्र माझंच.

अण्णांना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुरुंगात पत्र? सरी, ठीक आहे. मायना काय घातलास?"

लहानपणी छातीच्या दुखण्यामुळे मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. अण्णा कचेरीतून आले की ओसरीवर शिकवणी, आणि रोज एक पत्र. थोरल्यांना काय, धाकट्यांना काय, मागणी घालताना काय. जन्मात न पाहिलेल्या पणजोबांनाही मी पत्रं लिहिली आहेत. अण्णांच्या दृष्टीनं मायना बरोबर असला की पत्रात फारसं वाईट काही घडू शकत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

खरं काय ते कृष्णाजींना लिहून कळवलं. शेवट माझा होता, लेखकाचा नव्हे, क्षमा असावी. अण्णांनी वाचून एक स्वल्पविराम घातला.

पत्र नेऊन दिलं ते तुरुंगाच्या कचेरीतल्या हयवदनरावांकडे. तिथं मराठी येणारे तेवढे एकच, त्यामुळे मराठी पत्रं तपासणं त्यांच्याकडे. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"म्हणजे मुलगी पोचली नाही? अहो अक्का, मी घरी बायकोला सांगून बसलो की! ती दोन दिवस डोळे पुसत होती, आनंदानं."

"तुम्ही घरी सांगता?"

"मग? दिवसभर लोकांची पत्रं वाचायची, आणि बोलायचं कुणाशी?"

लाज वाटली. एक खोटं किती घरं फिरलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

त्यांचं उत्तर आलं. कैद्याला महिन्यातून एक पत्र लिहिता येतं, ते त्यांनी मला लिहिलं, याचं ओझं वाटतं. वर 'श्री', खाली "विमलाक्कांस कृष्णाजीचा नमस्कार." अक्षर तिरकं, पण ओळी फुटपट्टीनं मारल्यासारख्या सरळ.

"आपण खरं लिहिलंत, बरं वाटलं. मुलगी पोचली हे मी तसंच धरून चालतो. पण इथून पुढे आपलं गोड लिहिणं दोनदा वाचीन. रागावू नये. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून 'कोट छान बसला' असं मीही फार वेळा म्हटलं आहे."

त्याखाली पुढचं आहे. ते उतरवून ठेवते.

"मी माणूस मारला आहे, हे आपल्याला माहीत असावं. दुकानातला भागीदार होता. लग्नाच्या कोटाचं कापड कुणी चुकीचं कापलं यावरून बोलाचाली झाली आणि मी इस्त्री फेकली. तिसऱ्या दिवशी तो गेला. दहा वर्षांपैकी सहा झाली. चिकपेटेत कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत माझी आई सोयराबाई असते. घरी बसून काजं करते. माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टात म्हणाली, मला तू मेलास. त्यानंतर भेट नाही. ती जिवंत आहे का, एवढंच पाहून यावं."

आईला वाचून दाखवलं. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं. "इस्त्री?" म्हणाली. थोड्या वेळानं उठून आमची इस्त्री उगाचच कपाटात ठेवून आली.

मलाही भीती वाटते. पण खरं लिहायचं तर भीतीबरोबर थोडा अभिमानही वाटतो, की हे मला सांगितलं. तो अभिमान चांगला नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

अजून गेले नाही. आधी आईचं अंग दुखत होतं, मग वाचनालयाची वार्षिक सभा. ही कारणं खरी आहेत, पण त्यासाठी मी गेले नाही असं नाही. तिनं 'कोण तू?' म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते सुचत नाही.

आणि आज लक्षात आलं, त्या मेलेल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही.

गुरुवार, १५ जानेवारी १९५९

संक्रांतीच्या निमित्तानं गेले. हातात एळ्ळुचा, तीळगुळाचा, पुडा असला की कुणाच्याही दारात उभं राहता येतं.

गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रांचा आवाज. शेवटच्या दारात एक वाळकी बाई पाटावर बसली होती, मांडीवर काळा कोट, ओठात दोरा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माप द्यायचं असलं तर पुढच्या दुकानात. मी नुसती काजं करते."

"मी कृष्णाजींकडून आले."

सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"त्या नावाचं इथं कुणी नाही."

मी तशीच उभी. एक काज पुरं झालं, दुसरं झालं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "पुड्यात एळ्ळु आहे ना? मग दे की. नुसती धरून का उभी?"

आत गेले. त्यांनी फळीवरून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. त्यात कृष्णाजींची पत्रं, सगळी. वाचलेली नाहीत.

"वाचायला कुणाला देऊ? शेजारच्याला? उद्या गल्लीभर झालं असतं."

"मी वाचू?"

"तुला येतं ते दिसतंय. एवढा जाड चष्मा कशाला घालेल कुणी?" मग म्हणाल्या, "एकच वाच. स्वल्प हळू."

सर्वांत खालचं काढलं. कागद चार घड्यांचे. एक गोष्ट विचित्र वाटली. सगळ्या पत्रांची फक्त वरची घडी उघडलेली, बाकीच्या घड्या पहिल्यासारख्या करकरीत. का, ते कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

वाचत होते तोवर त्यांचा हात चालू होता. संपल्यावर म्हणाल्या, "नरसिंहबद्दल काही लिहिलंय?"

"कोण नरसिंह?"

"जो गेला तो."

"लिहिलंय. पहिल्याच ओळीत."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "पुढच्या गुरुवारी ये."

शुक्रवार, ३० जानेवारी

कृष्णाजींना कळवलं होतं की आई आहेत, खोकला आहे, दर गुरुवारी मी तुमची पत्रं वाचून दाखवते. खोकल्याचं लिहावं की नाही यावर दोन दिवस घातले. शेवटी लिहिलं. एकदा खोटं बोलून झालं आहे.

आज उत्तर. मासिकाचे पुठ्ठे फाटतात म्हणून त्यांनी गणवेशाच्या चिंध्यांतून कापडी वेष्टणं शिवून पाठवली आहेत, बावीस. एकही टाका बाहेर दिसत नाही. आमच्या वाचनालयात आता तुरुंगाच्या शिपायांच्या रंगाची मासिकं आहेत.

"सुटकेसाठी समितीपुढे अर्ज केला आहे. वीस मार्चला बैठक. घरी घेणारं माणूस आहे, असं लेखी लागतं. आई हो म्हणाली तर तिच्या अंगठ्याचं पत्र पाठवावं, मी ते अर्जाला जोडीन. नाही म्हणाली तर अर्ज मागे घेईन. बाहेर येऊन उभा कुठं राहू? मुलीच्या गोष्टीचा पुढचा भाग आला का?"

सोमवार, ९ फेब्रुवारी

मासिकं द्यायला गेले. हयवदनराव बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांना मराठी येत नाही. मराठी पत्रावर ते शिक्का मारतात आणि आत सोडतात. एका परीनं बरंच, माझी पत्रं कुणी घरी जाऊन सांगणार नाही.

पण एक दृश्य मनातून जात नाही. दाराशी टपालाची गोणी आडवी पडली होती आणि फाटकावरचा शिपाई तिच्यावर पाय टेकून विडी ओढत होता. बुटासकट. त्या गोणीत पत्रं, आणि सगळ्या पत्रांच्या माथ्यावर देवाचं नाव. कुठं 'श्री', कुठं 'श्रीराम'. माझ्या पत्रांवरही असाच पाय पडला असणार.

ठरवलं. इथून पुढे त्या फाटकातून आत जाणाऱ्या कागदावर देवाचं नाव लिहायचं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

हो म्हणाल्या!

डब्यातलं शेवटचं पत्र काल संपलं. खरं तर गुरुवारी जायचं, पण मला राहवेना. सोयराबाईंनी उत्तर मात्र लगेच दिलं नाही. "आधी नरसिंहच्या बायकोला विचारते. ती समोरच राहते. तिला न विचारता मी काय सांगू?" आज पुन्हा गेले. म्हणाल्या, "विचारलं. ती म्हणाली, घरी येऊ दे, त्या दुकानात मात्र बसू नको म्हणावं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? दोन माणसांचा भात एका पातेल्यात होतो. लिही."

त्यांच्यासमोरच लिहिलं. त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत. "कृष्णा, ये. तुझी कात्री मी तेल लावून ठेवली आहे." खाली डाव्या हाताचा अंगठा, तिथंच कोटावर खुणा करायची नीळ होती तिच्यात बुडवून उठवला. अंगठ्यावर सुयांच्या इतक्या खुणा की ठसा चाळणीसारखा उठला.

माथ्यावर ठरवल्याप्रमाणे काही लिहिलं नाही. हे पहिलं पत्र जे मी अण्णांना दाखवलं नाही. त्यात सोयराबाईंचं मन होतं, त्यात स्वल्पविराम कुणी घालू नये असं वाटलं. तशीच जाऊन फाटकावर दिलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "काय गं, स्वतःशीच हसतेस?"

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मला काहीच कळेनासं झालं आहे. त्यांचं पत्र आलं आणि ते एवढंच आहे :

"विमलाक्कांस नमस्कार. पत्र हातात पडलं, समजलो. आपण नीट वेळेवर कळवलंत. जमादार चांगला माणूस, आंघोळीला वेगळं पाणी दिलं. अर्ज मागे घेतला आहे. आता बाहेर यायची घाई नाही. आपण गल्लीत फार फेऱ्या घातल्यात, ते उपकार विसरणार नाही. आता तिकडे जायचे कष्ट घेऊ नयेत. कृष्णाजी."

तीनदा वाचलं. आईनं सहा वर्षांनी 'ये' म्हटलं आणि हा माणूस आंघोळीच्या पाण्याचं लिहितो! त्यांनीही माथ्यावर श्री लिहिलेला नाही. त्यांनाही ती गोणी दिसली असावी, एवढंच माझ्याशी जुळलं. मुलीच्या गोष्टीचं विचारलं नाही.

दुकानात बसू नये ही अट लागली असेल का? पुरुषाचा मान? मग कात्रीचं काहीच नाही वाटलं?

आज गुरुवार असून चिकपेटेत गेले नाही. काय सांगू? त्या माझ्या तोंडाकडे बघतील, आणि माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

मंगळवार, ३ मार्च

राग धरून मासिकं द्यायला गेले. मंगळवार भेटीचा दिवस, फाटकावर गर्दी. हयवदनराव रजेवरून परत आले आहेत. लग्नातला बुंदीचा लाडू माझ्यासाठी कागदात बांधून आणला होता.

"अक्का, तुमच्या कृष्णाजी मास्तरांना मी ओळखलंच नाही! मिशी सफाचट. एवढी झुपकेदार मिशी, साहेबसुद्धा वळून बघायचे. उन्हाळा लागला म्हणून काढली की काय."

"काढोत," मी म्हणाले. "आईपेक्षा मिशीची काळजी जास्त असेल."

हयवदनराव चमकले. मी असं कुणाबद्दल बोलत नाही. बोलून गेले खरी.

शनिवार, ७ मार्च

घाईत लिहिते, अक्षर वाईट येईल.

सकाळी टपालवाला आला तेव्हा अण्णा अंगणात होते. त्यांनी पाकीट फोडलं, कागद पुरता उलगडलाही नाही आणि घराच्या पायरीवर चढता चढता थांबले. खालूनच म्हणाले, "धारवाडचे आप्पाजी गेले. विमल, बाहेर पाणी काढ."

मी बादली आणली. अण्णांनी उभ्याउभ्या पत्र वाचलं, फाडलं, तुकडे कुंपणापलीकडे टाकले.

"अण्णा, तुम्हाला न वाचताच कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? आप्पाजी अंथरुणावरच होते. वर बघितलं. श्री नाही. मी तुला सात वर्षांची असताना शिकवलंय, दुःखाच्या पत्रावर श्री घालत नाहीत, आणि वाचलं की घरात ठेवत नाहीत. विसरलीस?"

विसरले नव्हते. ते मला इतकं येत होतं की त्याचा कधी विचारच केला नव्हता.

अण्णा डोक्यावर पाणी ओतत होते आणि मी तिथंच मातीत बसले. आंघोळीला वेगळं पाणी. मिशी. 'आपण वेळेवर कळवलंत.' खोकला आहे म्हणून मीच लिहिलं होतं. त्यानंतर माझ्या हातचा कागद आला, माथा कोरा. त्यांनी पुढं वाचलंच नसेल. फाडलं असेल. अंगठ्यासकट.

अण्णांना सगळं सांगितलं. ओल्या अंगानं ते ऐकत राहिले. मी वाट पाहिली की ते रागावतील. ते म्हणाले, "श्री का गाळलास?"

"बूट. गोणीवर बूट होता."

"हं," म्हणाले. अंग पुसून म्हणाले, "मी तुला मायने शिकवले. पत्र कुणाच्या हातात पडतं, ते शिकवायचं राहिलं."

देवाचं नाव तिथं जाऊ नये असं मला वाटलं. तिथं माणसं असतात, त्याचं काही वाटलं नव्हतं.

मंगळवार, १० मार्च

हयवदनरावांना गाठलं. ऐकता ऐकता त्यांनी खुर्चीचा हात धरला. "अरे देवा. मी असतो तर पत्र वाचलं असतं." मग म्हणाले, "थांबा इथंच. आत्ता सांगून येतो. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं नव्हतं. अर्ध्या तासानं आले ते मान हलवत.

"अक्का, ऐकत नाहीत ते. मी म्हटलं, मास्तर, आई जिवंत आहे तुमची, चूक झाली. तर म्हणाले, विमलाक्का कनवाळू आहेत. मुलगी घरी पोचली म्हणूनही त्यांनीच लिहिलं होतं. मी अर्ज मागे घेतला म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल, आता बरं बोलतात."

"पत्रावर अंगठा होता, सांगा ना!"

"सांगितलं. तर विचारतात, कुठं आहे पत्र?"

ते पुढे म्हणाले, "शिवणखात्यात बसलेत, मान खाली घालून. दिवसाला तीन गणवेश जास्त करतात म्हणे. हे बघा, मागे घेतलेला अर्ज बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत पुन्हा ठेवता येतो, साहेबांना मी विचारलंय. पण कैद्यानं स्वतः म्हटलं पाहिजे. आणि त्यांना पटेल असं आता एकच माणूस."

पुढचा भेटीचा दिवस सतरा. बैठक वीसला.

म्हणजे मला चिकपेटेत जाऊन एका आईला सांगायचं आहे की तुमच्या मुलानं तुमचं सुतक धरलं आहे, आणि ते माझ्यामुळे. आणि त्यांनी तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्या फाटकापर्यंत मी पाय नेणार नाही.

(चूक : पहिल्या दिवशी नव्हे, तिसऱ्या गुरुवारी सांगितलं होतं.)

गुरुवार, १२ मार्च

तीन आठवड्यांनी मला बघून म्हणाल्या, "आलीस? मला वाटलं, पत्रं संपली तशी तूही संपलीस."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर रडले असते. गोणी, बूट, कोरा माथा, आंघोळ, मिशी. एकही गोष्ट गाळली नाही.

त्यांनी मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. हे मी पहिल्यांदा पाहिलं, काज अर्धं सोडून कोट खाली ठेवलेला. मग डबा काढला आणि एक पत्र उचलून वरची घडी उघडली.

"हे काय लिहिलंय?" बोट ठेवून विचारलं.

"श्री."

"तेवढं एक अक्षर मला येतं. नवऱ्यानं वहीवर गिरवून दाखवलेलं. पत्र आलं की एवढंच उघडून बघायची. श्री आहे, म्हणजे आहे जिवंत. मग ठेवून द्यायची." घडी पुन्हा बंद केली. "त्यानंही माझ्यासारखंच एवढंच बघितलं."

मी म्हणाले, "माझी चूक झाली. मला शिक्षा..."

"गप गं." मग त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसता खोकला. मी पाणी दिलं. "माझ्या नावानं क्षौरसुद्धा करून मोकळा झाला! मिशीवर एवढा जीव होता त्याचा. पंधराव्या वर्षापासून तेल लावायचा."

पाणी पिऊन झाल्यावर हसू गेलं. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कोर्टातून घरी आले त्या दिवशी मी त्याच्या नावानं आंघोळ केली होती. थंड पाण्यानं, डोक्यावरून. हे कुणाला सांगितलेलं नाही. आता त्यानं माझ्या नावानं केली. फिटलं."

मी विचारलं, "याल? मंगळवारी?"

"तिथं काय नेसून जातात?"

"काय?"

"काय नेसून जातात, विचारते. सहा वर्षं मी या गल्लीच्या बाहेर गेले नाही. मला काय ठाऊक?"

रविवार, १५ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे काही राहणार नाही.

अण्णा मला फाटकापर्यंत सोडायला यायचं म्हणत होते. नको म्हटलं. मग विचारलं, "सोबत चिठ्ठी नेतेस ना? हयवदनरावांच्या नावानं?" मी दाखवली. माथ्यावर श्री आहे, ठळक. गोणीवर कुणाचा पाय पडायचा तर पडो. अण्णांनी वाचली, चष्मा काढला, काही न बदलता परत दिली.

फाटकावरच्या वहीत भेटणाऱ्याचं नाव आणि कैद्याशी नातं लिहावं लागतं. सोयराबाईंच्या नावापुढे 'आई' मी लिहीन. माझ्या नावापुढे काय, हे दोन रात्री डोक्यात आहे. मैत्रीण खोटं नाही, पण तिथं ते बरं दिसणार नाही. बहीण हे खोटं. शेवटी 'पत्र लिहिणारी' असं ठरवलं. तेवढं खरं आहे, चुकीसकट.

आणखी एक भीती आहे, ती लिहिते. आईला अचानक समोर बघून त्यांना काही झालं तर? हयवदनराव म्हणाले, ते आधी आत जाऊन शेजारी उभे राहतील. आणि त्यांची बायको विचारत होती म्हणे, ती आली तर चालेल का. मी नाही म्हटलं. मग वाईट वाटलं.

सोयराबाईंनी निळं लुगडं काढून ठेवलं आहे. कात्री नेता येत नाही, हे सांगितल्यावर जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "मग मी नुसतीच जाऊ?" मी म्हटलं, नुसत्याच चला.

परवा, मंगळवार, १७ मार्च १९५९. साडेआठला मी चिकपेटेत त्यांच्या दारात, घोड्याचा जटका नऊला सांगितला आहे. दहाला फाटक उघडतं.